कोट्यवधींची कमाई सचोटीची असू शकते का? इंदूरकरांनो, बोला

रामबागवाला (धागाकर्ता)

रविवारी कट्ट्यावर पोहे-जिलबी चालू असताना वाद पेटला. एक जण म्हणाला, "शंभर कोटी कमावणारा नट किंवा खेळाडू सचोटीचा असूच शकत नाही. कुणाच्या तरी ताटातलं ओढल्याशिवाय एवढं येत नाही." दुसऱ्यानं लगेच उत्तर दिलं, लोक खुशीनं तिकीट काढतात, त्यात कुणाचं काय गेलं? तासभर भांडलो, निकाल लागला नाही, म्हणून इथे मांडतोय.

माझं मत असं. गाण्याचे, अभिनयाचे, धावांचे पैसे वेगळे आणि चेहऱ्याचे, म्हणजे जाहिरातीचे, पैसे वेगळे. पहिले कितीही झाले तरी मला खुपत नाहीत. दुसऱ्यांतले पाच लाखही खुपू शकतात.

माझा फ्लेक्स छपाईचा धंदा आहे. दोन वर्षांपूर्वी वीस बाय दहाचा एक बोर्ड छापला. एका मोठ्या नटाचा चेहरा, हातात डबी, खाली बारीक अक्षरात 'वेलची'. मशीनमधून फ्लेक्स उलगडत येतो तेव्हा आधी कपाळ दिसतं, मग डोळे, मग ते हसू. पोरांनी कडा दुमडल्या, आयलेट ठोकले आणि बोर्ड नेऊन लावला तो एका शाळेच्या कोपऱ्यावर. पुतणी त्याच शाळेत आहे. तिनं विचारलं, "काका, वेलची विकून एवढे पैसे कसे मिळतात?" मी काय सांगणार? डबीवरचं नाव पान मसाल्याचं आहे, हे दुकानदारापासून पोलिसापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येतंय आणि पहाटे सफाईवाल्या बाया डिव्हायडरवरचे लाल डाग घासत असतात. त्या नटाच्या मानधनातला एक हिस्सा त्या बायांच्या मनगटातून निघतोय, असं मला वाटतं.

होळकरांकडे खासगी, म्हणजे घराण्याचा स्वतःचा, आणि दौलत, म्हणजे राज्याचा, असे दोन वेगळे खजिने होते. अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि देवळं बांधली ती खासगीतून. मला वाटतं कलाकाराची कला ही त्याची खासगी, आणि त्याचं नाव ही लोकांनी भरलेली दौलत. ती कशीही उधळायचा हक्क त्याला नाही.

पलासियाचा सीए

दादा, बोर्डाची गोष्ट मनाला लागली, पण ही दोन खजिन्यांची वाटणी पटली नाही. नाव काय आभाळातून पडतं? पोरगा बारा-पंधरा वर्षं पहाटे उठून नेट्सवर घाम गाळतो, तेव्हा ते होतं. ते त्याचंच आहे.

आणि "एवढा पैसा" म्हणण्याआधी हिशेब बघा. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार कोटींच्या वर. २०२५ च्या हंगामासाठीच्या लिलावात एका संघाची मर्यादा १२० कोटी. दहा संघांचे मिळून झाले १,२०० कोटी. मॅच फी वेगळी मिळते, पण ढोबळमानानं प्रक्षेपणाच्या पैशाचा आठवा हिस्सा खेळाडूंच्या वाट्याला. लोक टीव्ही लावतात ते त्या खेळाडूंना बघायला. ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले म्हणून ज्यांना धक्का बसतो, त्यांनी बाकीचे सात हिस्से कुठे जातात ते विचारावं.

करांचंही ऐका. पाच कोटींच्या वर उत्पन्न गेलं की नव्या करपद्धतीतसुद्धा अधिभार आणि उपकर धरून सर्वात वरच्या टप्प्याला ३९ टक्के कर बसतो. पांढऱ्या पैशात, करार करून, कर भरून जो कमावतो त्याला मी सचोटीचाच म्हणेन. बाकी सगळं मत्सराच्या अंगानं जातं.

नंदानगरचा

मत्सर नाही साहेब. तुमचा हिशेब चोख आहे, पण तो वरच्या मजल्यावरच थांबलाय.

माझा मावसभाऊ मुंबईत लाइटमन आहे. बारा तासांची शिफ्ट, ती चौदावर जाते. मजुरी हातात येते तीन-तीन महिन्यांनी. लाइट अंगावर पडून पाय मोडला तेव्हा निर्मात्यानं दवाखान्याचं पहिलं बिल भरलं, नंतर फोन उचलणं बंद. त्याच सेटवर हिरोची व्हॅनिटी व्हॅन, जिम ट्रेनर, स्वयंपाकी, मेकअपवाला, सगळ्यांचं बिल निर्मात्याच्या नावावर फाटत होतं. हिरोनं चोरी केली असं मी म्हणत नाही. पण बजेट एकच असतं. वरचा माणूस जेवढं घेतो तेवढं खाली कमी उरतं, आणि हे त्याला दिसत असतं.

मार्च २०२० मध्ये शूटिंग थांबली आणि दोन आठवड्यांत रोजंदारीवरच्या लोकांच्या घरात धान्य नाही अशी वेळ आली. तेव्हा आपल्याच इंदुरात जन्मलेल्या सलमान खाननं सिने-कामगारांच्या फेडरेशनमार्फत २५,००० कामगारांना मदत केली. चांगलंच केलं, मी नाव घेऊन सांगतो. पण इतक्या पैशाच्या धंद्यात काम करणारा माणूस पंधरा दिवसही तग धरू शकत नाही, हे कसं? वेळेवर मजुरी आणि विमा मिळाला असता तर दानाची पाळीच आली नसती.

सुदामानगरची (ऑर्केस्ट्रात गाते)

मी गणपतीत आणि लताबाईंच्या वाढदिवसाच्या, २८ सप्टेंबरच्या कार्यक्रमांत त्यांची गाणी गाते. रात्रीचे दोन हजार मिळतात, कधी पंधराशे. त्यामुळे नंदानगरच्या दादांचं मला कळतं. पण "जास्त मागितलं" यालाच पाप ठरवू नका, एवढं सांगायला लिहितेय.

साठच्या दशकात लताबाईंनी गायकांनाही रॉयल्टीत वाटा हवा म्हणून हट्ट धरला. रफीसाहेबांचं म्हणणं होतं, गाण्याचे पैसे मिळाले की गायकाचा हक्क संपला. दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. तेव्हा कितीतरी लोकांनी बाईंना पैशाची हावरी म्हटलं. आज बघा. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी बोलले, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कुणालाही लिहून घेता येणार नाही असं ठरलं. गायकांच्या हक्कांसाठी २०१३ मध्ये संस्था उभी राहिली. जिला हाव म्हणत होते, तो हक्क निघाला. रेकॉर्ड तीस वर्षं विकली जाणार आणि गाणाऱ्याला एका दुपारचे पैसे, ही कुठली सचोटी?

आणि रफीसाहेबांनाही मी चूक म्हणणार नाही. गरीब निर्मात्याकडून कमी पैसे घेऊन ते गायचे. दोघंही आपापल्या जागी सच्चे होते.

नंदानगरचा

ताई, लताबाईंबद्दल एक शब्द बोलणार नाही. पण त्याच गाण्यात मागे कोरस होता, व्हायोलिनची रांग होती, गोव्याहून आलेले अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ बसवणारे, होते. सेबॅस्टियन डिसूझांचं नाव आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? त्यांना कुठली रॉयल्टी?

सुदामानगरची

हे खरं आहे दादा. यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमचा ढोलकवाला दोन तास माझ्यासोबत वाजवतो आणि त्याला माझ्यापेक्षा पाचशे कमी मिळतात. आजवर मी आयोजकाला हे कधी विचारलं नाही.

लोकमान्यनगरची मावशी

मी इथे फारसं लिहीत नाही. आज राहवलं नाही.

माझा भाचा आमच्याकडे राहून शिकत होता. आयपीएलच्या दिवसांत रात्री जेवून गच्चीवर जायचा, मोबाइल घेऊन. मला वाटायचं मॅच बघतोय. टीम लावून पैसे जिंकायचं कुठलं तरी ॲप होतं. आधी पन्नास रुपये, मग पाचशे. पहिल्या आठवड्यात जिंकला तेव्हा आमच्यासाठी सराफ्याच्या खाऊबाजारातून रबडी घेऊन आला, केवढा खूश होता. जूनमध्ये कॉलेजची फी भरायची वेळ आली आणि खात्यात चारशे दहा रुपये. एक लाख ऐंशी हजार गेले होते. त्याच्या वडिलांनी मोटरसायकल विकली. पोरगा महिनाभर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

त्याला एकदाच विचारलं, तुला भरवसा कसा वाटला रे? म्हणाला, "मावशी, तो स्वतः सांगत होता ना." तो म्हणजे ज्याचं पोस्टर दहावीपासून त्याच्या भिंतीवर आहे, तो खेळाडू. पोस्टर अजूनही आहे. मी काढायला गेले तर नको म्हणाला.

जेल रोडचा

मावशी, वाईट वाटलं, मनापासून. पण खरं बोलू का? पोरगा कॉलेजात जाणारा, मतदान करणारा. जाहिरातीत धोक्याची सूचनाही वाचतात. आपण स्वतः पैसे लावायचे आणि हरलो की हिरोला दोष द्यायचा, हे मला नाही जमत. आमच्या घराण्याचं कपड्याचं दुकान आहे, वडील सांगायचे की माल बघून घेणं गिऱ्हाईकाचं काम. उद्या कुणी म्हणेल सलमानची बॉडी बघून जिममध्ये गेलो, पाठ मोडली, द्या भरपाई. भिया, याला अंत नाही.

लोकमान्यनगरची मावशी

तुमचे वडील माल बघून घ्या म्हणायचे, म्हणजे गिऱ्हाईकाला कापड हातात घेऊन बघता येत होतं. ॲपमध्ये काय हातात घ्यायचं? पोरगं चुकलं, आम्ही त्याला ओरडलो, त्यानं ते भोगलंही. ज्यानं बोलावलं त्यानं काय भोगलं, तेवढंच विचारते.

पलासियाचा सीए

मावशी, कायद्यात थोडं काही आहे ते सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीसाठी चेहरा देणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, शिवाय एक ते तीन वर्षं जाहिरात करायला बंदी घालता येते. त्यानं आधी नीट चौकशी केली असेल तर सुटतो. जून २०२२ च्या नियमांत आडून केलेल्या जाहिरातींनाही मनाई आहे, म्हणजे रामबागवाल्यांची 'वेलची'. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला. त्यांच्या जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

रामबागवाला

सीए साहेब, मग मला सांगा, जुलै २०२५ मध्ये ज्यानं हीच जाहिरात केली तो तुमच्या हिशेबानं सचोटीचा, आणि कायदा आल्यावर केली तर गुन्हेगार? मावशींच्या भाच्याचे पैसे तर दोन्ही वेळा तसेच गेले असते.

पलासियाचा सीए

हा प्रश्न मला अडचणीत टाकतो, मान्य करतो. सकाळपासून विचार करतोय. कायदा हा खालचा उंबरठा आहे, त्यावर मी सगळं घर उभं केलं होतं. तरीही नाव लोकांची दौलत आहे हे मला अजून पटलेलं नाही.

रेसकोर्स रोडचा जुना प्रेक्षक

वय ७८. नेहरू स्टेडियमसमोर सी. के. नायडूंचा पुतळा आहे, तिथून रोज फिरायला जातो. तरुण मंडळींना ठाऊक नसेल, पण भारतात एखाद्या मालाची जाहिरात करणारे पहिले क्रिकेटपटू नायडूच. १९४१, बाथगेटचं लिव्हर टॉनिक. म्हणजे चेहरा विकणं काही आजचं नाही. आणि त्यांचं पोट चालायचं ते होळकरांच्या फौजेतल्या हुद्द्यावर. १९२३ मध्ये तुकोजीरावांनी बोलावून कॅप्टन केलं. तो पगार रयतेच्या सारा-पट्टीतून यायचा. रामबागवाले, तुमच्या खासगी-दौलतीच्या भाषेत नायडू पूर्णपणे दौलतीवरच खेळले. म्हणून मी त्यांना कमी मानू का? लॉर्ड्सवर १९३२ मध्ये भारताच्या पहिल्या कसोटीत ते कप्तान होते. मी त्यांना मानतोच.

मला माणूस पारखायचा तर तो नको कशाला म्हणाला ते बघतो. राहुल द्रविडचा जन्म इंदूरचा, वाढला बंगळुरूत. २०१८ मध्ये १९ वर्षांखालील संघ विश्वविजेता झाला. क्रिकेट बोर्डानं प्रशिक्षक म्हणून त्याला ५० लाख जाहीर केले आणि बाकी सपोर्ट स्टाफला २०-२० लाख. त्याला ते पटलं नाही. शेवटी सगळ्यांना सारखे २५ लाख झाले, म्हणजे त्याचे निम्मे गेले. पुल्लेला गोपीचंद २००१ मध्ये ऑल इंग्लंड जिंकला आणि त्यानं कोल्ड्रिंकची जाहिरात नाकारली. तेव्हा त्याच्याकडे काही फार पैसा नव्हता. अमिताभ बच्चननी २०२१ मध्ये पान मसाल्याचा करार सोडून पैसे परत केले, अक्षय कुमारनं २०२२ मध्ये वेलचीच्या जाहिरातीबद्दल माफी मागितली. ही दोन्ही पावलं लोक बोलले तेव्हा उचलली गेली. द्रविडच्या बाबतीत त्याला कुणी विचारायलाही गेलं नव्हतं. हा फरक मला मोठा वाटतो.

जेल रोडचा

काका, द्रविडचं ठीक. पण सगळ्यांनी द्रविड व्हावं ही अपेक्षा ठेवून आपण कुणालाही बेइमान ठरवू शकतो. सामान्य सचोटीची पातळी काय, ते सांगा.

नंदानगरचा

मी सांगतो. करारात एक ओळ घालायची, "सेटवरच्या प्रत्येकाची मजुरी महिन्याच्या आत मिळाल्याशिवाय माझा शेवटचा हप्ता घेणार नाही." मोठा नट हे सहज लिहून घेऊ शकतो, त्याला कुणी नाही म्हणणार नाही. एवढं करावं आणि मग दोनशे कोटी घ्यावेत. मी टाळ्या वाजवीन.

पलासियाचा सीए

ही ओळ करारात बसते. मसुदा मी करून देतो.

रामबागवाला

जुन्या प्रेक्षक काका, नायडूंचं मला खरंच माहीत नव्हतं. माझी खासगी-दौलत तिथे तुटते, कबूल. पण तुमचं "नको कशाला म्हणाला" वाचल्यापासून तो नट बाजूला राहिला आणि मीच समोर आलो. तो चेहरा त्यानं विकला आणि छापला मी. चौरस फुटाचे दर लावून पैसे घेतले.

परवा त्याच एजन्सीचा फोन आला. गणपतीच्या आधी तीन बोर्ड हवेत, एक पुन्हा शाळेच्या कोपऱ्यावर. मशीनचा हप्ता पंधरा तारखेला आहे. शाळेजवळचा छापणार नाही, असं काल सांगून टाकलं. बाकीच्या दोघांबद्दल अजून उत्तर दिलेलं नाही.

सुदामानगरची

दादा, ते दोन कुठे लागणार आहेत?

रामबागवाला

एक रिगल चौकात. दुसरा लोकमान्यनगरच्या वळणावर.