मदत हवी आहे: वाचनालयाच्या जुन्या संगणकासाठी हलकं लिनक्स कोणतं?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात 'क' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. मी तिथे कार्यवाह म्हणून काम बघतो. नवा संगणक घ्यायचा म्हटलं की अनुदान कधी येणार इथे गाडी अडते, म्हणून आहे तोच, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकून, चालवायचा आहे.

मशीन असं आहे: पेंटियम ड्युअल कोअर ई५२००, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी डीडीआर२ रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क. वर विंडोज ७. 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून बघितलं तर '३२ बिट', म्हणजे जुन्या पिढीचं, असं दिसतं. बटण दाबून चहा सांगून यावं, तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसतो. क्रोम १०९ वर येऊन थांबलं आहे आणि काही साइट्स आता उघडतच नाहीत. वर तारीख दर वेळी २००९ ला जाते.

कामं तीन. साडेसहा हजार पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये आहे, ती चालली पाहिजे. मराठी टायपिंग हवं. आमच्या ग्रंथपाल ताईंचा हात टाइपरायटरवर बसलेला आहे, त्या रेमिंग्टन (टाइपरायटरसारख्या कळींच्या) मांडणीशिवाय टाइप करणार नाहीत. आणि एचपी लेझरजेट १०२० प्रिंटर चालला पाहिजे. दुपारी मुलं परीक्षांचे निकाल, फॉर्म वगैरे बघायला येतात, तेवढं इंटरनेट.

शोधाशोध केली तर पपी, अँटीएक्स, लुबुंटू, बोधी, क्यू४ओएस, टायनी कोअर अशी लिनक्सच्या प्रकारांच्या नावांची जत्राच निघाली. त्यात ३२ बिटचं बहुतेकांनी बंद केलंय असंही वाचलं. आमच्या मशीनला आता काही मिळेल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

*शेवटचा बाक:*
मिंट एक्सएफसीई (मिंट लिनक्सची हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती) टाका आणि विसरून जा.

*स्क्रूड्रायव्हर:*
थांबा, मिंटच्या आधी एक गोष्ट. विंडोज ३२ बिट आहे म्हणजे प्रोसेसर ३२ बिट आहे असं नाही. ई५२०० हा २००८ चा, पण ६४ बिटचा प्रोसेसर आहे. त्या काळी असेंबल करणारे लोक २ जीबी रॅम बघून सरसकट ३२ बिट विंडोज टाकून द्यायचे. खात्री करायची असेल तर कुठल्याही लाइव्ह (डिस्कवर न टाकता पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या) लिनक्समध्ये टर्मिनल उघडून एलएससीपीयू (lscpu) ही आज्ञा द्या. ३२ आणि ६४ दोन्ही लिहून येईल.

हे महत्त्वाचं अशासाठी, की ३२ बिटवाल्यांची अडचण खरी आहे. मिंटची मुख्य आवृत्ती २०२० पासून ६४ बिटच येते. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, त्यात ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. मोझिलानेही लिनक्सवरचं ३२ बिट फायरफॉक्स १४४ नंतर थांबवलं. अॅटम एन२७० वाले जुने नेटबुक असते तर मीही हात वर केले असते. तुमच्याकडे हा प्रश्नच नाही, सगळी दारं उघडी आहेत.

*वाचनालयवाला (धागाकर्ता):*
हे फारच दिलासादायक! मग मिंट चालेल का?

*स्क्रूड्रायव्हर:*
चालेल, पण २ जीबीवर रडतखडत. मिंटवाले स्वतःच किमान २ जीबी सांगतात आणि ४ बरी म्हणतात. माझं मत विचाराल तर सगळे डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सच्या प्रकारांवर, भांडतात आणि ब्राउझरकडे कुणी बघत नाही. अँटीएक्स आइसडब्ल्यूएम या साध्या डेस्कटॉपसह नुसतं चालू करून ठेवलं तर दोन-तीनशे एमबीत बसतं, एक्सएफसीई त्याच्या दुप्पट घेईल. हा सगळा फरक ब्राउझरचे दोन-तीन टॅब उघडले की गिळला जातो. निकालाची एक जड साइट उघडली की टायनी कोअर काय आणि मिंट काय, दोघांनाही घाम.

म्हणून आधी रॅम. जी३१ ला ४ जीबीपर्यंत चालते, साधारणपणे दोन स्लॉट असतात, २ जीबीच्या दोन पट्ट्या. डीडीआर२ जुन्या बाजारात मिळते. ऑनलाइन घेताना 'फक्त एएमडीसाठी' असं बारीक अक्षरात लिहिलेल्या स्वस्त पट्ट्या असतात, त्या तुमच्या बोर्डावर चालणार नाहीत. शक्य असेल तर मशीन दुकानात नेऊन, लावून, चालू करूनच पैसे द्या.

मग एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरते भाग नसलेली डिस्क. सगळ्यात छोटी, सगळ्यात साधी साटा जोडणीची चालेल. तुमचा बोर्ड साटा-२ चा आहे, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही, तरी चहाला जायला वेळ उरणार नाही. हार्ड डिस्कचं डोकं शेकडो छोट्या फायली शोधत इकडून तिकडे पळतं, खरा वेळ तिथे जातो.

या दोन गोष्टी केल्या तर मिंट एक्सएफसीई. ताईंना विंडोजसारखा मेनू खाली डाव्या कोपऱ्यात मिळेल आणि रोज कुणाला फोन करावा लागणार नाही. पैसे अजिबातच नसतील तर २ जीबीवर अँटीएक्स, सोबत झेडरॅम चालू करा. त्यात रॅमचाच एक भाग दाबून बसवलेल्या स्वॅपसारखा (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेसारखा) वापरला जातो. अँटीएक्स उत्तम आहे, पण दिसायला रुक्ष आणि सेटिंग्ज चार ठिकाणी विखुरलेली. मला आवडतं, वाचनालयात मी ठेवणार नाही.

*कीबोर्डकरीण:*
मराठीचं मी सांगते. आयबस आणि आयबस-एम१७एन ही टायपिंगची पॅकेजं टाका. त्यात मराठीसाठी इन्स्क्रिप्ट, फोनेटिक यांच्यासोबत रेमिंग्टनही आहे. एखाददुसरं जोडाक्षर तुमच्या ताईंच्या सवयीपेक्षा वेगळ्या कळीवर निघू शकतं, म्हणून इन्स्टॉल करण्याआधी त्यांनाच बसवून एक पान टाइप करून घ्या.

पण त्याहून मोठा प्रश्न: ती पुस्तकांची यादी युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत) आहे का? श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर लिबरऑफिसमध्ये (लिनक्सवर एक्सेलच्या जागी वापरतात ते) उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. तो फॉन्ट विंडोजमधून उचलून लिनक्समध्ये टाकला तर मराठी दिसायला लागेल, पण 'पु. ल.' असं युनिकोडमध्ये टाइप करून शोधलं तर काहीही सापडणार नाही. एकदाच कन्व्हर्टरमधून यादी युनिकोड करून घ्या. ळ, ऱ्य, रफार यांच्यावर नजर ठेवा, घोळ तिथेच होतो.

*वाचनालयवाला:*
यादी जुन्या फॉन्टमध्येच आहे बहुतेक. फॉन्ट बदलला की खिचडी होते. हे कामही वाढलं म्हणायचं. प्रिंटरचं कुणी सांगेल का?

*स्क्रूड्रायव्हर:*
१०२० चालतो. फक्त त्या प्रिंटरच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) नसतं, दर वेळी चालू केल्यावर संगणकाने ते पाठवावं लागतं. त्यासाठी एचपीलिप हे एचपीचं सॉफ्टवेअर आणि त्याचं प्लगइन लागतं. प्लगइन नेटवरून उतरवावं लागतं, तेव्हा त्या दिवशी मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा. प्लगइन न टाकता प्रिंटर दिसतो, जॉब जातो आणि कागद मात्र बाहेर येत नाही. मग लोक लिनक्सला शिव्या देतात.

*शेवटचा बाक:*
तारखेचं कुणीच बोललं नाही. बोर्डावरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल गेलाय. बदला, किरकोळ पैशांत घड्याळाच्या दुकानात मिळतो. तारीख २००९ असेल तर सुरक्षित साइट्सची प्रमाणपत्रं ब्राउझरला 'अजून सुरूच झालेली नाहीत' असं वाटतं. तुमच्या न उघडणाऱ्या साइट्सपैकी निम्म्या बहुधा यामुळेच.

*वाचनालयवाला:*
सेल उद्याच आणतो. रॅम आणि एसएसडीचा खर्च समितीपुढे ठेवतो, देणगीदार बघू. आता एकच भीती आहे: टाकताना काही चुकलं आणि यादी गेली तर? ताई मला वाचनालयात पाऊल ठेवू देणार नाहीत.

*स्क्रूड्रायव्हर:*
यादीची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक स्वतःच्या ईमेलवर, हे आजच करा. लिनक्स पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघताना डिस्कला धक्का लागत नाही, तेवढ्यात रेमिंग्टन तपासून घ्या. इन्स्टॉल करायच्या वेळी जुनी हार्ड डिस्क केबल काढून बाजूला ठेवा आणि फक्त नव्या एसएसडीवर लिनक्स टाका. 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय निवडला तरी पुसायला दुसरं काही जोडलेलंच नसेल. नाहीच जमलं तर जुनी डिस्क परत लावा, विंडोज होतं तसं सुरू होईल.