आठ रोपांचा वास गेला, एकाचा राहिला. ठेवू कुठलं?

येळ्ळूरकर
आमचं जुनं बासमती छातीला लागतं, परतीचा पाऊस झाला की आडवं. म्हणून गेल्या साली मीच खटाटोप केला. संध्याकाळी बासमतीच्या फुलांची टोकं कात्रीनं कापून चिमट्यानं सहा-सहा परागकोश काढले, वर कागदी पिशवी. सकाळी दहाला आयआर-६४ ह्या बुटक्या भाताचे पराग झाडले. एवढं करून दाणे भरले नऊ. आई म्हणाली, "ह्याचा भात कोण जेवणार?"

यंदा नऊही रोपं उंच. पात चोळली तर आठांना वासच नाही, एकाला मात्र घमघमाट. ते ठेवून बाकीची म्हशीला घालावी म्हणतोय.

खानापूरचा निवृत्त कृषी सहायक
म्हशीला घालायचंच तर ते एक घाला की ओ! तिथं चिमटा चुकला, फूल स्वतःच्याच परागानं भरलं, म्हणजे ते निव्वळ बासमती. आठांचा वास गेला हीच संकर झाल्याची खूण. वास आणि बुटकेपणा, दोन्ही गुण अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आले तरच दिसणारे. बापाकडून वास नसलेलं आणि आईकडून उंचीचं जनुक आलं की दोन्ही झाकले जातात.

आठांचं बी पुढच्या साली एका जागी एकच काडी लावा. वासाचं जनुक आठव्या गुणसूत्रावर, बुटकेपणाचं पहिल्यावर, म्हणून दोन्ही सोळात एका रोपात जमतात. ३२० लावलीत तर वीसेक मिळतील.

बेळगाव_बीएस्सी
वीस मिळाली म्हणून नाचू नका. भाताच्या गुणसूत्रांच्या १२ जोड्या. बीजपेशी होताना जोडीतले दोघे तुकडे बदलतात, पण गुणसूत्रामागे बहुधा एक-दोनच ठिकाणी. त्यामुळं बुटकेपणाच्या जनुकाला चिकटून आयआर-६४ चा लांबलचक पट्टा येतो, दाणा-चव बिघडवणारं काही त्यात असलं तर तेही. निवडलेली रोपं परत बासमतीशी जोडा. दर खेपेला तो पट्टा कुठंतरी तुटायची संधी मिळते. तिथंही पहिल्या पिढीत सगळी उंचच दिसतील, तेव्हा पुन्हा म्हशीकडे बघू नका. आंबेमोहर आणि आयआर-८ च्या संकरातली इंद्रायणी १९८७ ला आली, तीही अशाच निवडीतून.

येळ्ळूरकर
थोडक्यात वाचलो. आठांना लाल सुतळी बांधली, नववं उपटलं. फक्त ३२० पाती चोळून नाक राहील काय?

खानापूरचा निवृत्त कृषी सहायक
पाच-सहा पातींनंतर सगळंच बासमती वाटतं! रोज थोड्याच चोळा, आणि आईला सोबत घ्या.