मदत हवी आहे: आयुष्मान कार्ड असूनही मेडिकलवाला गोळ्यांचे पैसे घेतो

किल्ल्यापाठचा:
बाबांचं आयुष्मान कार्ड काढलं. पाच लाखांपर्यंत सगळं फुकट असं सांगून काढून घेतलं होतं. आज आई ते घेऊन मेडिकलमध्ये गेली तर तो म्हणाला, हे इथे चालत नाही, पैसे द्या. महिन्याला गोळ्यांचेच चार-साडेचार हजार जातात. मी मुंबईत, हे दोघं गावी. तक्रार कुठे करायची? नंबर असेल तर लगेच द्या. सरकारी योजना अशाच असतात हे सांगायला कोणी येऊ नका, ते मला माहीत आहे.

सड्यावरचो:
ता कार्ड ॲडमिट झाल्यार चलता. मेडिकलवाल्याचो काय दोष?

किल्ल्यापाठचा:
म्हणजे पाच लाख फक्त कागदावर?

गोळीवाली_ताई:
कागदावर नाहीत, खाटेवर आहेत. योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात दाखल झालात तर त्या उपचाराचा खर्च योजना देते. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतली औषधंही त्यातच धरलेली असतात. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांना आणि ओपीडीला ते लागू नाही. मी स्वतः मेडिकलच्या काउंटरवर बसते, सत्तर वर्षांवरच्यांची कार्डं निघायला लागल्यापासून हे भांडण सारखं ऐकते. कार्ड काढून देणारे हे सांगतच नाहीत.
तक्रार करायचीच असेल तर १४५५५ आहे, पण तेही हेच सांगतील. त्यापेक्षा हे लिहा: बाबांचं वय, गोळ्यांची नावं, गाव, आणि बाबा नोकरीला कुठे होते.

स्वानुभव_६४:
नोकरीचा काय संबंध? सरळ चांगल्या कंपनीच्या गोळ्या घ्या, जिवापेक्षा पैसा मोठा नाही.

किल्ल्यापाठचा:
वय ७४. बीपी, शुगर. गाव विजयदुर्गच्या बाजूला, पडेलजवळ. गोळ्यांची नावं आईला विचारून सांगतो. आईलाही बीपी आहे, तिचं कार्ड निघालं नाही. का ते कळलं नाही.

लाल_डबा:
आईंचं वय?

किल्ल्यापाठचा:
६७.

लाल_डबा:
मग निघणार कसं. वय वंदना कार्ड, म्हणजे बाबांचं हे आयुष्मान कार्ड, ७० पूर्ण झालेल्यांनाच, उत्पन्न कितीही असो. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालं. आईंना महात्मा फुले योजना आहे, ती आता राज्यात सगळ्या रेशनकार्डांना आहे, पांढऱ्यालासुद्धा. पण तीही दाखल झाल्यावरच. हेल्पलाइन १५५३८८.

एडिसनचे_आप्पा:
आमच्याकडे न्यू जर्सीतही हाच घोळ आहे. ६५ झाले की मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळतो, लोकांना वाटतं सगळं झालं. मूळ मेडिकेअरमध्ये घरी घ्यायच्या गोळ्या येत नाहीत. त्यासाठी पार्ट डी वेगळा घ्यायचा, २००६ पासून आहे. तो खासगी कंपन्या चालवतात आणि प्रत्येकीची औषधांची यादी निराळी, त्यामुळे आपली गोळी यादीत आहे का हे आधी बघायचं. २०२५ मध्ये यादीतल्या औषधांसाठी वर्षाला खिशातून जास्तीत जास्त २००० डॉलर अशी मर्यादा आली, २०२६ ला ती २१०० झाली. इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर नाही. वेळेत घेतला नाही तर दंड, आणि तो पुढे हप्त्याला चिकटून राहतो. दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर प्लॅन बदलता येतो. मी दरवर्षी यादी घेऊन बसतो, बायको हसते.

सड्यावरचो:
आप्पानूं, तेणी पडेलचा इचारल्यान, एडिसनचा नाय.

एडिसनचे_आप्पा:
माहिती म्हणून दिली. कोणी आईवडिलांना इकडे आणणार असेल तर ऐकून ठेवा, ग्रीन कार्ड मिळालं म्हणून लगेच मेडिकेअर मिळत नाही. इथे नोकरी केलेली नसेल तर सलग ५ वर्षं राहावं लागतं, मग हप्ते भरून घ्यायचं.

माडाखालची_खुर्ची:
मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा फॉर्म भरा. ३००० रुपये खात्यात येतात. आमच्या वाडीत बऱ्याच जणांना मिळाले.

लाल_डबा:
ते चष्मा, काठी, कमरेचा पट्टा असल्या वस्तूंसाठी, एकदाच. शिवाय वर्षाच्या उत्पन्नाची २ लाखांची अट. गोळ्यांचा प्रश्न दर महिन्याचा आहे.

किल्ल्यापाठचा:
फोटो आला. टेल्मिसार्टन ४०, अम्लोडिपिन ५, मेटफॉर्मिन, एम्पाग्लिफ्लोझिन, अटोर्वास्टॅटिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन.

गोळीवाली_ताई:
क्लोपिडोग्रेल कशासाठी? अहो, स्टेंट बसवलाय का? तुम्ही फक्त बीपी-शुगर लिहिलंत.

किल्ल्यापाठचा:
हो, अँजिओप्लास्टी गेल्या वर्षी झाली. आता ते बरे आहेत म्हणून लिहिलं नाही.

गोळीवाली_ताई:
मग एक पक्कं ठेवा. क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत, स्वस्त मिळेपर्यंत थांबू असं तर अजिबात नाही. अँजिओप्लास्टी योजनेतून झाली असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) फॉलोअपचं विचारा, काही उपचारांना नंतरच्या औषध-तपासणीचं वेगळं पॅकेज असतं.
बाकी यादीत महाग बहुधा शुगरची एम्पाग्लिफ्लोझिनच. तिचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि कितीतरी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. चिठ्ठीवर जुन्याच ब्रँडचं नाव असेल तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. एवढ्या एका गोळीनेच बिल बरंच उतरेल.
उरलेल्या सगळ्या जुन्या, साध्या गोळ्या. जनऔषधी केंद्रात निम्म्याहून कमी भावात मिळतात. ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर पिनकोड टाकला की जवळचं केंद्र दिसतं.

स्वानुभव_६४:
जनऔषधीच्या गोळीने माझं बीपी १६० ला गेलं होतं. फुकट आणि स्वस्त ते कचरा. ताई मेडिकलवाल्या असून जनऔषधीची जाहिरात करतायत, कमाल आहे.

गोळीवाली_ताई:
काका, त्या गोळ्यांची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच बाहेर पडते. गोळी बदलल्यावर पंधरा दिवसांनी बीपी मोजायचं, जास्त आलं तर डॉक्टरांकडे जायचं. तुम्ही त्या वेळी मीठ-लोणचं किती खात होतात हेही लिहा.

स्वानुभव_६४:
लोणचं मी सोडणार नाही.

सड्यावरचो:
पैसे कित्याक घालतास? पडेलच्या पीएचसीत, सरकारी आरोग्य केंद्रात, बीपी-शुगरची गोळी फुकट गावता. माझी आवस दर म्हयन्याक आणता.

माडाखालची_खुर्ची:
सरकारी दवाखान्यात रांग किती असते! आणि गोळ्या संपलेल्या असतात.

उपकेंद्र_सेवा:
मी आरोग्य विभागात काम केलंय म्हणून लिहिते. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम महाराष्ट्रात आला तेव्हा पहिल्या चार जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग होता, सोबत सातारा, वर्धा, भंडारा. त्यामुळे इथल्या केंद्रांना ही पद्धत जुनी आहे. नाव नोंदवलं, बीपी मोजलं की महिन्याभराच्या गोळ्या एकदम देतात. टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन तर याच कार्यक्रमातल्या गोळ्या आहेत, मेटफॉर्मिनही मिळते. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे नाहीत. वयाची अट नाही, कार्ड लागत नाही, म्हणजे आईंचाही प्रश्न सुटतो.
गोळ्या कधी संपतात हे खरं. संपल्या तर पुढचा साठा कधी येणार ते विचारून या. आणि दोन औषधं एकत्र असलेली जोडगोळी तिथे मिळेल असं धरू नका, दोन सुट्या देतात. आईंना सांगा, जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्यायची, म्हणजे तीच गोळी दोनदा घेतली जाणार नाही. खासगी डॉक्टरांची आणि केंद्राची अशी दुहेरी टेल्मिसार्टन घेणारे आजोबा मी पाहिलेत.

माडाखालची_खुर्ची:
७५ झाले की एसटी फुकट. बाबांना ओरोसला जिल्हा रुग्णालयातच पाठवा ना.

सड्यावरचो:
७४ असत ते. अर्धा तिकीट. आणि पडेल सोडून ओरोसाक जावक एसटी येवची लागता.

लाल_डबा:
धागाकर्ते, बाबांच्या नोकरीचं अजून सांगितलं नाहीत.

किल्ल्यापाठचा:
टपाल खात्यात. २०११ ला रिटायर. त्याने काय फरक पडतो?

लाल_डबा:
मीही टपालातलाच. बाबा केंद्र सरकारचे पेन्शनर आहेत. सीजीएचएस म्हणजे केंद्राच्या कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना. तिचा दवाखाना नसलेल्या भागात राहणाऱ्यांना रोजच्या औषधपाण्यासाठी महिन्याला १००० रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता असतो, जुलै २०१७ पासून हा दर आहे. पेन्शनच्या कागदावर ‘एफएमए’ अशी ओळ शोधा. नसेल तर पेन्शन जिथून मिळते तिथे अर्ज द्यायचा. सीजीएचएसचं कार्ड घेतलंय का तेही बघा. असेल तर ते आणि वय वंदना यांतलं एकच ठेवता येतं.

किल्ल्यापाठचा:
बाबांना फोन केला. सीजीएचएस कार्ड नाही. एफएमए दिसतोय, १०००. ते म्हणतात, येतात ते पैसे, पेन्शनीतच मिसळतात, तुला सांगायचं काय त्यात.
सोमवारी आई पडेलला जाईल. एम्पाग्लिफ्लोझिनचं डॉक्टरांना मी फोनवर विचारतो.

गोळीवाली_ताई:
नव्या गोळीची चिठ्ठी मात्र व्हॉट्सॲपवर नको, नीट कागदावर घ्या.

आंबेवाली_वहिनी:
माझ्या सासूबाईंचं वय खरं ७२, पण आधारवर ६६ लागलंय. वय वंदना कार्ड निघत नाही. शाळेत गेल्याच नाहीत, जन्माचा दाखला नाही. काय करू?

लाल_डबा:
कार्डाला आधारवरचंच वय धरतात, म्हणजे आधी आधार दुरुस्त करावं लागेल. वहिनी, तुम्ही वेगळा धागा काढा, सासूबाईंकडे कुठले कुठले कागद आहेत ते सगळे लिहून.