योहान 12:24 साठी शेतातलं उदाहरण हवंय

जय ख्रिस्त मंडळी. रावेरजवळ संडे स्कूल घेते. मुलं 8 ते 12 वर्षांची, बहुतेक केळीवाल्यांची. पेरणाऱ्याचा दाखला (मत्तय 13) कपाशीच्या वावरात नेऊन शिकवला, छान पोचला. पण योहान 12:24 मधलं येशूचं वचन, गव्हाचा दाणा मेला तरच पुष्कळ पीक देतो, इथे अडलेय. घड उतरल्यावर केळीचा खांब कापतात नि बुंध्याशी पील (केळीचं नवं रोप) वाढतं, ते दाखवलं. एक मुलगी म्हणाली, "ताई, पील तर आधीच निघालेलं असतं ना!" बरोबरच आहे तिचं. मग हरभरे भिजवून मोड आणले, तर मुलांना ते मेलेले वाटेचनात, उलट जिवंत झालेले वाटले. प्रोजेक्टर नाही, वेळ 20 मिनिटं. स्वतःला देऊन टाकणं म्हणजे काय, हे मुलांच्या हातात ठेवता येईल असं घरातलं किंवा वावरातलं कोणतं उदाहरण तुम्ही वापरलंय?