बिझनेस स्कूल: अर्ज केव्हा केला, कुठे केला आणि का? आपापले अनुभव लिहा

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातला, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर आहे, आणि गेली चार वर्षे चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. वय २६. यंदा नोव्हेंबरात कॅट (आयआयएम या सरकारी व्यवस्थापन संस्थांची प्रवेश परीक्षा) द्यावी, की आणखी दोन-तीन वर्षे नोकरी करून मग जीमॅट या आंतरराष्ट्रीय प्रवेश परीक्षेच्या आधारे एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला जावे, या प्रश्नावर माझे सहा महिने गेले आहेत. क्लासवाल्यांना विचारले तर ते ‘यंदाच’ म्हणतात, कारण त्यांची बॅच यंदा भरायची असते. कंपनीतले वरिष्ठ ‘थांब’ म्हणतात, आणि त्यांनाही माझी जागा भरण्याचा त्रास नको असावा. म्हणून ज्यांनी हा निर्णय प्रत्यक्ष घेतला आहे, त्यांनी तो कोणत्या परिस्थितीत घेतला, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. सल्ल्यापेक्षा हिशेब वाचायला आवडेल.

*

नाशिक, आता मुंबई

मी वाणिज्य शाखेची. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना महाराष्ट्राची एमबीए सीईटी दिली, ती केवळ जमनालाल बजाज डोळ्यांसमोर ठेवून. ही संस्था १९६५ पासून मुंबई विद्यापीठाची आहे, आणि तिथली फी मोठ्या आयआयएमच्या तुलनेत इतकी कमी आहे, की आमच्यासारख्या घरात चर्चा तिथूनच सुरू होते आणि तिथेच संपते. सीईटीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे ही परीक्षा कॅटच्या तयारीवर आपोआप निघेल, हा समज चुकीचा आहे. कॅटमध्ये कोणता प्रश्न सोडून द्यायचा हे कळावे लागते, तर सीईटीत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नसतो.

मला पहिल्या वर्षी ९९.३ पर्सेंटाइल मिळाले, म्हणजे शंभरातले ९९ हून अधिक परीक्षार्थी माझ्या मागे. ऐकायला हे भरपूर वाटते, पण बजाजसाठी खुल्या प्रवर्गात ९९.९ च्या पुढेच बोलणे होते. कॅपच्या (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत मुंबईतच एका खासगी संस्थेत जागा मिळत होती, फी सव्वाआठ लाख. वडील म्हणाले, ‘घेऊन टाक, वर्ष कशाला घालवतेस?’ मी जागा नाकारली आणि एका सीएंच्या कार्यालयात वर्षभर काम केले. सीईटीचे गुण त्याच वर्षापुरते चालतात, त्यामुळे पुन्हा शून्यापासून सुरुवात. दुसऱ्या वर्षी बजाज मिळाले. मात्र हे लिहिताना मला जाणीव आहे, की ते मिळाले नसते तर हाच निर्णय आमच्या नातेवाइकांत ‘हट्ट’ म्हणून सांगितला गेला असता.

*

गोंदिया, आता हैदराबाद

धागाकर्त्याची स्थिती माझ्या तेव्हाच्या स्थितीशी जुळते, म्हणून जरा लांबण लावतो. हिंजवडीत आयटीत तीन वर्षे, इंजिनिअर, पुरुष, दहावीला ७८ टक्के. यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे, हे मला फार उशिरा कळले. आयआयएम कॅटच्या गुणांबरोबरच दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, कामाचा अनुभव यांना आपापल्या सूत्राने भार देतात, आणि अनेक संस्था बिगर-इंजिनिअर व मुली यांना अधिकचे गुण देतात. हे सूत्र प्रत्येक संस्था आपल्या संकेतस्थळावर जाहीर करते. कॅटचा अर्ज भरण्याआधी एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन आपले गुण त्या सूत्रांत घालून पाहिले असते, तर बंगळूरसारख्या, शालेय गुणांना बराच भार देणाऱ्या संस्थेची स्वप्ने मी वर्षभर पाहिली नसती.

मी तसे केले नाही. कॅटच्या एकाच अर्जात सगळ्या आयआयएमच्या अभ्यासक्रमांपुढे खूण करता येते, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. तरीही मी ताठ्यात फक्त सहा जुन्या संस्था निवडल्या. ९८.६ पर्सेंटाइल आले आणि मुलाखतीचा एकही कॉल आला नाही. ज्या नव्या संस्थांनी मला नक्की बोलावले असते, त्यांच्यापुढे मी खूणच केली नव्हती, आणि निकालानंतर ती करता येत नाही.

पुढच्या वर्षी सगळीकडे खुणा केल्या. नव्या आयआयएमपैकी अनेक संस्था एकत्रित मुलाखत घेतात, त्यामुळे एकाच मुलाखतीत बऱ्याच ठिकाणची दारे उघडतात. पण त्या वर्षी वेगळीच पंचाईत झाली. पुण्यातल्या एका खासगी संस्थेने मार्चमध्ये निवड कळवली आणि दहा दिवसांत साठ हजार रुपये भरायला सांगितले. आयआयएमचे निकाल त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने लागायचे होते. हातातले सोडवेना, म्हणून पैसे भरले. मे महिन्यात रायपूर आयआयएमची यादी लागली, त्यात नाव होते, आणि मग त्या साठ हजारांपैकी चाळीस परत मिळवायला मला दिवाळीपर्यंत पत्रे लिहावी लागली. कुठे अर्ज करायचा हे ठरवताना संस्थांची क्रमवारी सगळेच पाहतात. पैसे भरण्याच्या तारखाही एका कागदावर क्रमाने मांडाव्यात, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

रायपूर का, असे पुष्कळांनी विचारले. गोंदियाहून रेल्वेने रायपूर तीनेक तासांवर, आणि पुणे गाठायला अख्खी रात्र जाऊनही दिवस उगवावा लागतो. त्या दोन वर्षांत आईची दोन ऑपरेशने झाली. मुलाखतीत हे कारण मी सांगितले नाही, पण निर्णयात ते होते.

*

ठाणे

मी बँकेत काम करते, आता वय ३७. लग्नाआधी जीमॅट दिली होती, तिचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात. त्या पाच वर्षांत हैदराबादच्या आयएसबीला (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) अर्ज करू, असे ठरले होते. एक वर्षाचा अभ्यासक्रम, म्हणजे पगार एकाच वर्षाचा बुडेल, हा त्यातला सरळ हिशेब. दर वर्षी पहिली फेरी हुकायची, मग शेवटच्या फेरीत जागा थोड्या उरतात म्हणून पुढच्या वर्षावर ढकलायचे. चौथ्या वर्षी मुलगी झाली आणि पाचव्या वर्षी गुणांची मुदत संपली. कोणी अडवले नव्हते. सासूबाई तर मुलीला सांभाळायला तयार होत्या. मलाच जावेसे वाटत नव्हते, आणि ते मान्य करायला पाच वर्षे लागली.

शेवटी मुंबई विद्यापीठाचा तीन वर्षांचा अर्धवेळ एमएफएम (वित्त व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम) केला, संध्याकाळचे वर्ग, नोकरी चालू ठेवून. पूर्णवेळ अभ्यासक्रमासारखी कॅम्पस मुलाखत त्यात नसते, हे आधीच माहीत होते. मला खाते बदलून कर्जविभागातून ट्रेझरीत, म्हणजे बँकेचा पैसा गुंतवणाऱ्या विभागात, जायचे होते. तेवढ्यासाठी तो पुरला. धागाकर्त्या भावाला एकच विचारते: तुम्हाला कारखाना सोडायचा आहे, की कारखान्यातली जागा बदलायची आहे? दोन्हींसाठी दोन वेगळ्या शाळा असतात.

*

पुणे, मग फाँतेनब्लो, आता लंडन

परदेशी अर्जांचे वेळापत्रक भारतीय कामाच्या वर्षाशी फटकून असते, एवढेच मी लिहितो. अमेरिकी संस्थांची पहिली फेरी साधारण सप्टेंबरात, दुसरी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, तिसरी वसंतात. दुसरी फेरी धरायची म्हणजे निबंध दिवाळी ते नाताळ या काळात लिहायचे, आणि नेमके तेव्हाच आमच्या प्रकल्पाची वर्षअखेरीची घाई असायची. पहिल्या खेपेला मी तिसरी फेरी धरली, सगळीकडून नकार आले. त्या फेरीत जागाही कमी आणि व्हिसासाठी वेळही कमी.

दुसरी चूक शिफारसपत्राची. माझे साहेब फार चांगले गृहस्थ होते, परंतु त्यांनी ‘मुलगा प्रामाणिक व कष्टाळू आहे’ या आशयाची चार वाक्ये लिहून पाठवली. आपल्याकडे याहून मोठी स्तुती नाही. तिकडे मात्र एखादा प्रसंग, त्यात मी काय केले आणि कुठे कमी पडलो, हे लागते. दुसऱ्या खेपेला मी त्यांच्याबरोबर दोन संध्याकाळी बसून प्रसंग आठवून दिले. फाँतेनब्लोचे इन्सिआड हे फ्रान्समधले बिझनेस स्कूल निवडले, कारण अभ्यासक्रम दहा महिन्यांचा आणि प्रवेश वर्षातून दोनदा, त्यामुळे एक तारीख हुकली तरी अख्खे वर्ष जात नाही. अमेरिका निवडणाऱ्यांनी अभ्यासक्रमाला स्टेमचा (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) दर्जा आहे का, हे आधी पाहावे. तो असेल तर पदवीनंतरच्या बारा महिन्यांच्या कामाच्या परवानगीत चोवीस महिन्यांची भर पडू शकते, आणि कर्ज फेडणाऱ्यासाठी हा फरक क्रमवारीतल्या दहा पायऱ्यांहून मोठा ठरतो.

*

कोल्हापूर

मी राष्ट्रीयीकृत बँकेत शैक्षणिक कर्जे पाहतो. वरच्या प्रतिसादांत कर्जाचा उल्लेख ओझरता आला आहे, म्हणून लिहितो. सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण लागते. नामांकित संस्थांसाठी काही बँकांच्या वेगळ्या योजना आहेत, त्यांत बरीच मोठी रक्कम विनातारण मिळते. पण संस्था बँकेच्या यादीत असावी लागते, आणि प्रत्येक बँकेची यादी निराळी. मुले आमच्याकडे येतात ती निवडपत्र हातात आल्यावर, पहिला हप्ता भरायला आठ दिवस उरलेले असताना. अर्ज करण्यापूर्वीच यादी पाहून घेतली, तर कुठे अर्ज करायचा याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो, मात्र व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते, हेही घरी सांगून ठेवावे.

*

इचलकरंजी

मी तीन वर्षे कॅटचा अर्ज भरला आणि तिन्ही वर्षी परीक्षेला गेलो नाही. यंत्रमागाचा घरचा धंदा आहे. अनुभव म्हणून एवढाच आहे.

*

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोंदियाच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे काल सूत्रे मांडून पाहिली. दहावीला ९१ आहेत, पदवीला ६२, त्यामुळे चित्र संमिश्र आहे. तरीही यंदा अर्ज भरतो आहे, आणि सगळ्यांपुढे खुणा करणार आहे. ठाण्याच्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर अजून माझ्याकडे नाही. कोल्हापूरच्या साहेबांना एक विचारायचे होते: आमची साडेतीन एकर जमीन आहे, सातबारा वडील आणि काका यांच्या सामाईक नावावर आहे. तारण म्हणून ती चालेल का?

*

कोल्हापूर

शेतजमीन सहसा चालत नाही, कारण वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. गावठाणातील घर असेल आणि त्याचे प्रॉपर्टी कार्ड वडिलांच्या नावावर असेल तर ते घेऊन आपल्या जवळच्या शाखेत जा. काकांचे नाव त्यावरही असेल, तर त्यांनाही बरोबर न्या. दुसरा आणि चौथा शनिवार सोडून.