कृष्णेच्या संथ पाण्यासाठी १२ फुटी प्लायची होडी: प्लाय, रेझिन आणि सांधे

हरिपूर_संगम:
नमस्कार. दिवाळीनंतर ते मेपर्यंत कृष्णेत, सांगलीजवळ हरिपूरच्या बाजूला, दोन माणसांनी बसून वल्हवायची सपाट तळाची १२ फुटी होडी घरी करायची आहे. इंजिन नाही. पत्र्याच्या शेडमध्ये १६ बाय ८ फूट जागा आहे. हत्यारं म्हणजे जिगसॉ, ड्रिल, हातरंधा आणि सहा सी-क्लॅम्प. तळ मध्यावर ९० सेंमी रुंद, बाजूच्या फळ्या ४० सेंमी, वर काठाशी रुंदी १२० सेंमी असा हिशोब धरलाय.

अडलंय ते असं: दुकानात ६ मिमीचा 'वॉटरप्रूफ' प्लाय दाखवतात, त्यावर ३०३ छापलेलं असतं. तो चालेल का? ८ फुटी शीट १२ फूट कशी करायची? फायबरची कामं करणारे म्हणतात की इपॉक्सी कशाला, साधं रेझिन घ्या, बरंच स्वस्त पडतं. आणि आत चौकटी न घालता नुसती तारेने शिवलेली होडी खरंच टिकते का?

रंधा_पटाशी:
शेवटचा प्रश्न आधी घेतो. टिकते, कारण होडी तारेवर उभी नसते. तार फक्त प्लायला वाकवून जागेवर आणते. मग आतल्या कोपऱ्यात इपॉक्सीची भर, तिच्यावर काचेच्या कापडाची पट्टी, बाहेरूनही पट्टी. हा सांधा नीट जमला तर ओढून तोडताना आधी शेजारचा प्लाय फाटतो.

प्लाय ३०३ नको. आय. एस. ३०३ हा घरातल्या फर्निचरचा प्लाय, मरीन प्लायचा क्रमांक आय. एस. ७१०. त्यातल्या गमासाठी ७२ तास उकळत्या पाण्याची चाचणी असते. पण नुसता शिक्का बघून पैसे देऊ नका. शीटच्या चारी कडा बघा, थरांमध्ये फट किंवा एकावर एक चढलेले तुकडे दिसले तर ती शीट बाजूला ठेवा. नाण्याने सगळीकडे टकटक करा, पोकळ जागेचा आवाज लगेच वेगळा येतो. ६ मिमीत पाच थरांचा मिळाला तर उत्तम. वीतभर तुकडा मागून आणा, चार तास उकळा, रात्रभर वाळवा, परत चार तास उकळा. थरांच्या मध्ये पटाशीचं टोक सहज शिरलं तर तो माल घेऊ नका.

तुमच्या मापाला तीन शीट पुरतात. पहिलीच्या लांबीत ४० सेंमीच्या तीन पट्ट्या काढा. शीट १२२ सेंमीची, त्यामुळे दोन कापांना २ सेंमी उरतात. तिसरी पट्टी मधोमध कापली की ८ अधिक ४ फुटांच्या दोन बाजू तयार. तळासाठी दुसरी शीट पूर्ण आणि तिसरीचा अर्धा भाग. उरलेल्या ३२ सेंमीच्या पट्टीत आणि ४ बाय ४ फुटांच्या तुकड्यात मागची फळी, बसायच्या जागा आणि हवेचे कप्पे बसतात.

शीट लांबीत जोडायचा सांधा तिरका करा, उतार जाडीच्या आठपट. म्हणजे ६ मिमीला ४८ मिमी. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून वरचा ४८ मिमी मागे सरकवा, पायरी होईल, मग दोन्हींवर एकदम रंधा मारा. थरांच्या रेषा सरळ आणि समांतर दिसल्या की उतार बरोबर आला समजा. रेषा वळली तर तिथे खड्डा किंवा उंचवटा आहे. दोन्ही तोंडांना आधी पातळ इपॉक्सी पाजा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग भुकटी घातलेलं घट्ट इपॉक्सी लावून जोडा. खाली-वर प्लास्टिक. क्लॅम्प पिळून आवळलात तर सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा उपाशी राहतो. हा सांधा तुटण्याचं नेहमीचं कारण हेच. प्रत्येक सांध्यात जवळपास ५ सेंमी लांबी जाते, ती मापात धरा. दोन्ही बाजूंचे सांधे समोरासमोर ठेवा, नाहीतर बाजू वेगवेगळ्या वाकतात. ते मागच्या टोकाकडे असतील तर तळाचा सांधा पुढच्या टोकाकडे घ्या.

शिवायला १८ गेजची तांब्याची तार घ्या, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. कडेपासून १० मिमीवर, दर १५ सेंमीला भोक, पुढच्या वाकणात दर १० सेंमीला. लोखंडी बाइंडिंग तार नको. तुकडा आत राहिला तर गंजून इपॉक्सी फोडतो. मध्यावर टाकाऊ फळ्यांची एक तात्पुरती चौकट ठेवा, खाली ९०, वर १२०. सगळं शिवून झाल्यावर, इपॉक्सीचा थेंबही लावायच्या आधी, नाकापासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत दोरी धरून मोजा. दोन्ही मापं सारखी हवीत. मग पुढे आणि मागे काठांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एका टोकाकडून नजर लावा. पट्ट्या समांतर दिसल्या नाहीत तर होडीला पीळ आहे. तो आत्ताच निघतो, इपॉक्सी सुकल्यावर निघत नाही, आणि पिळलेली होडी आयुष्यभर एका बाजूला ओढते. माप जुळलं की तारांच्या मधल्या जागी घट्ट इपॉक्सीचे ठिपके द्या, दुसऱ्या दिवशी तारा ओढून काढा, मगच सलग भर घाला.

अजिंक्यतारा_पायथा:
साताऱ्याहून लिहितोय, रेझिनबद्दल.

'साधं रेझिन' म्हणजे पॉलिस्टर. साच्यातल्या फायबरकामाला ते चांगलंच आहे. पण लाकूड ओलाव्याने फुगतं, आकसतं, आणि पॉलिस्टरची लाकडावरची पकड त्यापुढे कमी पडते. काही हंगामांत ते पापुद्र्यासारखं सुटतं, पाणी मध्ये अडकतं. बाहेरून होडी छान दिसत असते आणि आत प्लाय कुजत असतो. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, इथे नको. पांढरा सुतारी गमही नको, अगदी पाण्यात टिकणारा म्हणून विकला जाणारासुद्धा. तो अधूनमधून भिजण्यापुरता असतो.

फायबरवाल्यांकडची तुटक तंतूंची मॅट इपॉक्सीबरोबर घेऊ नका. त्या मॅटचा डिंक पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीने नाही, म्हणून ती नीट भिजत नाही आणि पांढरे डाग राहतात. विणलेलं कापड घ्या, २०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं. तळाच्या बाहेरून लावायला १ मीटर पन्ह्याचं ४ मीटर, सांध्यांना ७५ मिमीची पट्टी २० मीटर. रेझिन आणि हार्डनर मिळून ७ किलो धरा.

प्रमाण डब्यावर असेल तेच, आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजून. पॉलिस्टरमध्ये कॅटलिस्ट थोडं कमी-जास्त करून वेग बदलता येतो. इपॉक्सीत हार्डनर हा अर्धा संसार आहे, जास्त घातला तर जास्तीचा तसाच चिकट राहतो आणि तो थर खरवडून काढावा लागतो. एका वेळी १५० ग्रॅमच्या वर कालवू नका. दोन मिनिटं ढवळा, भांड्याच्या कडा खरवडत. लगेच पसरट ताटलीत ओता. उभ्या ग्लासात ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर सोडतं आणि दगड होतं. सांगलीच्या एप्रिलमध्ये तर दहा मिनिटांत.

ऋतू निवडा. फेब्रुवारीचा मध्य ते मार्च सगळ्यात सोयीचा. पावसाळ्यात दमट हवेने वर तेलकट थर येतो, त्यावर पुढचा हात किंवा रंग धरत नाही. तसा थर कधीही आला तर आधी पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने धुवा, मग पॉलिश पेपर. उलट केलं तर तो थर इपॉक्सीतच रगडला जातो. कोऱ्या लाकडावरचा पहिला हात दुपार उतरल्यावर द्या. सकाळी दिला तर ऊन चढत जातं, लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि इपॉक्सीत शेकडो बुडबुडे धरतात.

कोपऱ्याच्या भरीसाठी रेझिन-हार्डनर आधी कालवा, मग त्यात बारीक चाळलेला लाकडाचा भुसा आणि थोडी सिलिका भुकटी. चमच्यावर उलटं धरलं तर पडू नये इतकं घट्ट. २५ मिमी त्रिज्येच्या गोल टोकाच्या पट्टीने एकाच ओढीत भरा. भर ओली असतानाच वर कापडाची पट्टी बसवली तर मध्ये घासकाम लागत नाही.

नायट्राइल हातमोजे प्रत्येक वेळी घाला. इपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू जमा होते आणि एकदा झाली की जात नाही. हात थिनरने धुऊ नका, साबण-पाणी वापरा. घासताना मास्क लावा.

वारणाकाठ:
वरचं सगळं बरोबर, एक मुद्दा सोडून. ९० सेंमी रुंद सपाट तळाला ६ मिमी कमी पडतो. माणूस उभा राहिला की तळ पायाखाली दबतो आणि कोपऱ्याची भर रोज थोडी थोडी थकते. तळ ९ मिमीचा घ्या. वजन सहा किलोच्या आसपास वाढेल, तिरका सांधा ७२ मिमीचा होईल. ६ मिमीच ठेवायचा असेल तर आतूनही कापड लावा आणि बाहेरून २५ बाय १२ मिमीच्या तीन लांब पट्ट्या. घाटाच्या दगडांसाठी त्या पट्ट्या ९ मिमीलाही लावाच.

हिशोब असा: पाण्याला टेकणारा तळ साधारण २ चौरस मीटर, म्हणजे दर २० किलोला होडी १ सेंमी बुडते. दोन माणसं १५०, होडी ४५, सामान ५, एकूण २०० किलो, म्हणजे १० सेंमी. काठ २७ सेंमी वर राहतो. तिसरं माणूस बसलं की तो २३ वर येतो, आणि एकाच बाजूला दोघे झुकले तर त्यातलंही काही उरत नाही. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला जास्त माणसं भरलेली होडी उलटली, ते आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. आतल्या बाजूला ठळक अक्षरांत 'माणसं २' असं रंगवा.

पुढे-मागे बंद कप्पे करा, प्रत्येकी ६० लिटरचे. प्रत्येकाला फिरकीचं झाकण ठेवा, उघडून वाळवता आलं नाही तर आतला दमटपणा प्लाय खातो. कप्प्यात बूच लावलेल्या रिकाम्या दोन लिटरच्या बाटल्या गच्च बसवा. कप्पा फुटला तरी त्या तरंगवतात. थर्मोकोल हळूहळू पाणी पितो. लाइफ जॅकेट तरीही दोघांनी घालायचंच.

तळाखाली मागच्या बाजूला दोन फूट लांब, १० सेंमी उंच पर (माशाच्या परासारखी उभी फळी) द्या. तो नसेल तर सपाट तळाची होडी काहिलीसारखी गरगरते. १२० सेंमी रुंदीला वल्हं साडेसात फुटी, दांडा ४० मिमी, गाठ नसलेल्या पाइनचा किंवा देवदाराचा. वल्ह्याची खुंटी बैठकीच्या मागच्या टोकाकडल्या कडेपासून ३० सेंमी मागे आणि बैठकीपासून १८ ते २० सेंमी उंच.

भिलवडी, औदुंबरपासून सांगलीपर्यंत मगरी आहेत. हात-पाय पाण्यात सोडून बसू नका, काठाला लागताना गवत आणि वाळू आधी नीट बघा. तुमचा ४० सेंमीचा काठ याही कारणाने कमी करू नका. बंधाऱ्याच्या दोन्ही बाजूंना लांब राहा.

हरिपूर_संगम:
सगळ्यांचे मनापासून आभार. तळ ९ मिमी धरतोय. पुढे तळ १० सेंमी वर उचलायचा आहे, ९ मिमी तेवढा वाकेल? आणि काठाच्या पट्टीला सागवान चालेल का?

रंधा_पटाशी:
१२ फुटांत १० सेंमी ही वाक फार नाही, ९ मिमी सहज घेईल. पुढचे टाके मात्र दुहेरी तारेचे घाला आणि मधून टोकाकडे आवळत जा, एकदम नको.

सागवान चालेल. त्यात तेल असतं, म्हणून चिकटवायच्या लगेच आधी ॲसिटोनने पुसा आणि अर्ध्या तासाच्या आत जोडा. २० मिमीची एक पट्टी वाकवताना पुढे चिरते, त्यापेक्षा १० मिमीच्या दोन, ३५ मिमी रुंद, एकावर एक चिकटवा. सहा क्लॅम्प पुरणार नाहीत. चार इंची पीव्हीसी पाइपचे दोन इंची तुकडे कापून त्यांना एक उभी चीर द्या, असे तीसएक चिमटे क्लॅम्पसारखे वापरा. स्क्रू मारलात तर स्टेनलेसचे किंवा पितळी. पट्टी बसल्यावर तात्पुरती चौकट काढा, त्याआधी नको, नाहीतर बाजू आत येतात. रंग फिका द्या. इपॉक्सी उन्हाने पिठूळ होतं आणि गडद रंगाखाली तापून मऊ पडतं.