मदत हवी आहे : आईच्या शिवणकामाच्या चॅनलला जाहिरातींखेरीज दुसरं उत्पन्न कसं जोडावं?

नमस्कार मंडळी,

माझी आई इचलकरंजीत 26 वर्षं शिवणकाम करते. लॉकडाऊनमध्ये गिऱ्हाईक थांबलं तेव्हा तिचा अस्तराच्या ब्लाऊजचा व्हिडिओ काढून मी यूट्यूबवर टाकला. तिथून चॅनल सुरू झालं. आज साडेअकरा हजार सबस्क्रायबर आहेत. शूटिंग-एडिटिंग मी नोकरी सांभाळून रविवारी करतो. मध्यंतरी तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता रात्रीची शिलाई जमत नाही. म्हणून चॅनलमधून महिन्याला दहा-बारा हजार तरी नियमित यावेत असं वाटतं.

सध्या येतात ते फक्त जाहिरातींचे पैसे. ते सुरू व्हायला लागणारा 1000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4000 तास व्हिडिओ पाहिले जाण्याचा टप्पा गाठायला पावणेदोन वर्षं लागली. 10 डॉलर जमल्यावर ॲडसेन्सचा (जाहिरातींचे पैसे देणारी गुगलची सेवा) पत्ता पडताळायचा पिन पोस्टाने आला, ते पाकीट आईने अजून देवघरात ठेवलंय. पण 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत, त्यामुळे पहिली रक्कम हातात पडायला आणखी पाच महिने गेले. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींचे 55 टक्के आपल्याला मिळतात, तरी गेल्या दिवाळीच्या महिन्यात साडेसहा हजार झाले आणि जानेवारीत 2100. एका शॉर्टला तीन लाख व्ह्यू आले, त्याचे तीनशे रुपयेही झाले नाहीत.

माझ्या मनात पहिला पर्याय होता पेपर कटिंगचा, म्हणजे कापड बेतायच्या कागदी नमुन्यांचा. 32 ते 42 छातीच्या मापांची कटोरी आणि प्रिन्सेस कट ब्लाऊजची पीडीएफ करून 49 रुपयांना विकायची. आधी पाचजणींना फुकट पाठवून पाहिली. जतच्या एका ताईंनी झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली. दुकानदाराने पान कागदात बसावं म्हणून आकार आपोआप लहान होऊ दिला. ब्लाऊज शिवून झाला आणि मुंढ्यात अडकला. कापड त्यांच्या गिऱ्हाइकाचं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण आईला दोन दिवस चैन पडलं नाही. आता मी पहिल्या पानावर एक इंचाचा चौकोन छापतो, तो पट्टीने मोजून बरोबर आला तरच कापडाला कात्री लावा असं लिहितो. तरी भीती वाटते. खाकी कागदावर हाताने कापलेले सेट पोस्टाने पाठवणं जास्त खात्रीचं, पण त्यात आईचाच वेळ जातो.

चॅनलची मेंबरशिप घेता येते, त्यातले 70 टक्के आपले. पण आमच्या बऱ्याच प्रेक्षक बायका नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर बघतात. दर महिन्याला पैसे कापले जाणार म्हटलं की घरात विचारावं लागतं. ॲमेझॉनच्या लिंकही लावून पाहिल्या, त्यावरून कोणी वस्तू घेतली की कमिशन मिळतं. खातं चालू राहायला 180 दिवसांत तीन विक्र्या व्हाव्या लागतात, आमच्या दोनच झाल्या. कात्री आणि बॉबिन बायका गावातल्या दुकानातूनच घेतात, त्यात चूक काहीच नाही.

खरा पेच वेगळाच आहे. एका शिलाई मशीन विकणाऱ्या कंपनीने 24 हजारांचं मशीन पाठवलं. तीन व्हिडिओ करा, मशीन तुमचं, वर 15 हजार रोख. अट अशी की मशीन आईने स्वतः विकत घेतलंय असं सांगायचं. आईने ते आठ दिवस चालवलं. साध्या सुती कापडावर टीप सुंदर येते, पण काठापदराच्या साडीच्या ब्लाऊजवर अस्तरासकट चार थर आले की टाका सुटतो. सुई बदलली, ताण कमी-जास्त केला, फरक नाही. मोबदला घेऊन केलेल्या व्हिडिओत तसं स्पष्ट सांगावंच लागतं, हे मला माहीत आहे. वर्षात 20 हजारांच्या वर वस्तू मिळाली तर 10 टक्के टीडीएसचा विषय येतो, त्याबद्दल विचारलं तर त्यांनी उत्तरच दिलं नाही. आई म्हणाली, "ज्या बाईनं कर्ज काढून मशीन घ्यायचं, तिला मी खोटं सांगू व्हय रं?" मशीन परत पाठवायचं ठरलंय. पण 15 हजार आमच्यासाठी थोडे नाहीत, आणि अशी संधी पुन्हा येईल का, ही काळजी मला आहे.

सल्ला हवाय तो असा. खरा अनुभव सांगू देणाऱ्या कंपन्या लहान मराठी चॅनलला मिळतात का? त्यांच्याशी बोलणी आपण करायची की एजन्सीमार्फत? दर व्ह्यूवर सांगायचा की व्हिडिओवर? आईला स्वतःला शनिवारी दुपारी 15 जणींचा ऑनलाइन वर्ग घ्यावासा वाटतो, चार आठवड्यांचे 400 रुपये, कटिंगचे व्हिडिओ मात्र फुकटच राहणार. असा वर्ग कोणी चालवलाय का? फी आधी घेता की पहिल्या तासानंतर? आणि वर्गाची फी, ॲडसेन्सचे डॉलर, पेपर कटिंगची विक्री हे सगळं आईच्या एकाच बचत खात्यात आलं तर विवरणपत्र भरताना अडचण येते का?

कंपनीला गुरुवारपर्यंत कळवायचंय, तेवढ्या एका मुद्द्यावर तरी त्याआधी कोणी लिहिलंत तर फार मदत होईल.